तंबोरा ऐकू येईल इतकी शांतता

मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, तेव्हा तेथील कार्यक्रम ऐकण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे क्रिस्टल सेट नावाची एक छोटी पेटी असे. तिला ना बॅटरी लागे, ना घरात वीज असावी लागे. उंच बांधलेल्या तारेने हवेतून जी काय अल्पस्वल्प शक्ती टिपली असेल तिच्याच बळावर तिचा सारा कारभार चाले, आणि ती शक्ती खोलीभर आवाज पसरवण्यास सर्वस्वी असमर्थ असल्यामुळे कानांवर हेडफोन चढवून बसण्यावाचून श्रोत्याला गत्यंतर नसे. म्हणजे ज्याला आपण आजच्या तरुणांचे वेड समजतो, तो हेडफोन आपल्याकडच्या नभोवाणी-श्रवणात पहिल्या दिवसापासून हजर होता. पुढे व्हॉल्व्हचे रेडिओ घरोघर आले, साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून ऐकण्याचा प्रघात पडला, 1 एप्रिल 1955 पासून पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा तर शेजारपाजारही एका रेडिओभोवती जमू लागला, आणि हेडफोन तारायंत्राच्या कचेऱ्यांत व ध्वनिमुद्रणाच्या दालनांत जाऊन राहिला. 1958 साली जॉन कॉस या अमेरिकन उद्योजकाने खास संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन तयार केला, 1979 साली सोनीच्या वॉकमनने त्याला रस्त्यावर आणले, आणि आज तो खेड्यापाड्यांतील खिशाखिशांत आहे. मात्र या दीर्घ प्रवासात 1927 सालचा मूळ प्रश्न काही सुटलेला नाही: हेडफोनला लागणारी शक्ती द्यावयाची कोणी, आणि ती देताना तिच्यासोबत नको ते काही मिसळू द्यावयाचे नाही याचा बंदोबस्त कोणी करावयाचा? टेबलावर ठेवण्याचा हेडफोन ॲम्प्लिफायर हे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

तो प्रश्न मी येथे पासलीच्या निमित्ताने मांडतो आहे. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तोरण्याच्या मुलखात, पुढे मढे घाटाने कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटेच्या अलीकडे हे गाव आहे. भाताचा प्रदेश, चार महिने अविरत पाऊस, आणि पहाटे उठून कामाला लागणारी माणसे रात्री लवकर निजणारी. अशा घरात रात्री दहानंतर मालकंस अथवा दरबारी ऐकावा असे ज्याला वाटते, त्याने लाउडस्पीकर लावावा तर म्हाताऱ्यांची झोप मोडते, आणि न लावावा तर ज्या प्रहराचा राग त्या प्रहराला ऐकण्याचे सुख अंतरते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना 1952 साली आकाशवाणीने शनिवारी रात्री शास्त्रीय संगीताची राष्ट्रीय सभा सुरू केली, त्या सभेची सवय लागलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात होती. तिच्या मुलानातवंडांजवळ आज त्या काळातील कित्येक मैफली मोबाइलमध्ये साठवलेल्या असतात. त्या नीट ऐकण्याची तजवीज करणे हे संगमरवरी दिवाणखान्यातल्या शौकिनांचेच काम आहे असे मुळीच नाही. उलट, शहरातील रहदारीपासून दूर असलेल्या या डोंगरी गावातील रात्रीची शांतता अशा श्रवणाला जितकी अनुकूल आहे तितकी पुण्यातील कोणत्याही पेठेत मिळणे कठीण.

आधी ॲम्प्लिफायर करतो काय, ते पाहू. मोबाइल, लॅपटॉप किंवा सीडी वाजवणारे यंत्र यांच्याकडून निघणारी विद्युल्लहर ही ध्वनीची हुबेहूब आकृती असते, परंतु तिच्यात बळ थोडे असते. डोंगराच्या कुशीतील टाकीतून नळाने गावात पाणी आणावे, तेव्हा टाकी किती उंचावर आहे त्यावर पाण्याचा दाब ठरतो आणि नळ किती अरुंद आहे त्यावर त्याचा प्रवाह. विजेचेही तसेच आहे. व्होल्ट हे दाबाचे माप, अँपिअर हे प्रवाहाचे, आणि हेडफोनच्या बारीक वेटोळ्यातून वीज जाताना तिला जी अडवणूक होते तिचे माप ओहम. काही हेडफोनांचा रोध 300 ओहम, काहींचा 600, तर मोबाइलसोबत वापरावयाच्या बहुतेकांचा 16 ते 32. जास्त रोधाच्या हेडफोनला दाब अधिक लागतो व प्रवाह थोडा पुरतो. कमी रोधाच्या हेडफोनला थोड्या दाबात भागते, पण प्रवाह मागाल तेव्हा हजर लागतो. मोबाइलच्या अंगी मर्यादित दाब देण्याचीच ऐपत असते, कारण त्याच्या लहानशा बॅटरीवर इतर शंभर कामांचाही भार असतो.

एक प्रत्यक्ष हिशेब मांडतो, म्हणजे विक्रेत्याच्या शब्दांवर विसंबण्याची गरज उरणार नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी 600 हा हेडफोन 1997 सालापासून बाजारात आहे आणि आजही जाणकार त्याची शिफारस करतात. त्याचा रोध 300 ओहम, आणि त्याला 1 व्होल्ट दिला असता 97 डेसिबल इतका ध्वनी निर्माण होतो. निवांत ऐकताना सरासरी ध्वनी 75 डेसिबलच्या आसपास असला तरी तबल्यावरची एखादी थाप किंवा गायकाची तारसप्तकातली पुकार तेवढ्यापुरती 20 डेसिबलने वर उसळते. तेव्हा नव्या, भरदार ध्वनिमुद्रणाला 1 व्होल्ट कसाबसा पुरतो. परंतु जुन्या खासगी मैफलींची मुद्रणे फार क्षीण पातळीवर केलेली असतात, आणि त्यांना नेहमीच्या पातळीवर आणावयाचे तर आणखी 10 ते 13 डेसिबलचा वाव हाताशी असावा लागतो. 13 डेसिबल म्हणजे दाबाची साडेचार पट. म्हणून 300 ओहमच्या या हेडफोनसाठी सुमारे 4.5 व्होल्ट देऊ शकणारा ॲम्प्लिफायर हवा. शक्ती मात्र त्याला 70 मिलीवॅटदेखील लागत नाही. याउलट 32 ओहमचा, एका मिलीवॅटला 100 डेसिबल देणारा हेडफोन तेवढाच वाव अर्ध्या व्होल्टहून थोड्या अधिक दाबात देतो, आणि त्याला वेगळ्या ॲम्प्लिफायरची जरुरीच भासत नाही. हायफायमॅनचा एचई-6 हा सपाट पडद्याचा हेडफोन मात्र एका मिलीवॅटला केवळ 83.5 डेसिबल देतो, आणि त्याच वावासाठी त्याला जवळजवळ अर्धा वॅट, म्हणजे पहिल्याच्या सहा-सात पट शक्ती खावी लागते. तात्पर्य, हेडफोन आधी आणि ॲम्प्लिफायर नंतर, हा क्रम उलटा करू नये. हेडफोनच्या कागदावरील दोन आकडे, रोध आणि संवेदनशीलता, ठाऊक झाल्याखेरीज ॲम्प्लिफायरवर एक रुपयाही खर्च करणे मला मान्य नाही.

आणखी एक आकडा फारसा कोणी विचारीत नाही, तो ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या निर्गम रोधाचा. पुष्कळ घरांतून वडिलांच्या काळचा स्टिरिओ संच अद्याप फडताळात असतो व त्याला हेडफोनसाठी एक छिद्रही असते. तेव्हा वेगळे यंत्र कशाला, असा रास्त प्रश्न निघतो. अशा बऱ्याच संचांत स्पीकरसाठी असलेला प्रवाह एका मोठ्या रोधातून दबकवत हेडफोनकडे सोडलेला असतो, आणि तो रोध शंभर, कधी तीनशे ओहमचाही असतो. आता एचडी 600 चा रोध सांगायला 300 ओहम असला तरी तो सर्व स्वरांना सारखा नाही. 100 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका डग्ग्याच्या घुमाऱ्याचा व पुरुषी आवाजाच्या खर्जाचा जो प्रदेश तेथे, तो पाचशेच्या वर चढतो. निर्गम रोध 120 ओहमचा असला तर खालचे स्वर वरच्यांपेक्षा डेसिबलभर अधिक फुगतात. काहींना ती ऊब आवडते, आणि आवडीला माझा विरोध नाही. पण 32 ओहमच्या हेडफोनच्या बाबतीत असा संच गायकाचा आवाजच बदलून टाकतो. निर्गम रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, असा जो संकेत रूढ आहे तो उत्तम आहे: 32 ओहमला 4, आणि 300 ओहमला 37.

येथवर सांगितलेले सगळे कोणत्याही ठीकठाक यंत्रात आता मिळते. ज्या गुणावर माझ्या मते चांगल्या ॲम्प्लिफायरची खरी परीक्षा व्हावी तो गुण म्हणजे त्याची नीरवता, आणि ती परीक्षा करण्याचे उत्कृष्ट साधन आपल्याच संगीतात आयते आहे. ते म्हणजे तंबोरा. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्याची जवारी नीट लागली असेल, घोडी आणि तार यांमधला सुताचा धागा बरोबर त्या केसभर जागी सरकवलेला असेल, तर एका तारेतून तिच्या मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर आपोआप उमलत जातात. त्यांतला पाचवा अंश हा गंधार होय. कोणीही न छेडलेला हा गंधार गवयांना शेकडो वर्षे स्वयंभू म्हणून परिचित आहे. तो ध्वनिमुद्रणात उतरलेला असतो, पण गायकाच्या स्वराखाली, अगदी हलका. ज्या यंत्राच्या पोटात घरघर किंवा खसखस आहे ते यंत्र सर्वांत आधी त्या गंधाराचा घास घेते.

ही गोष्ट आकड्यांनी पाहिली तर अधिकच स्पष्ट होते. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारे 138.6 हर्ट्झ. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, 69.3 वर, आणि पहिली, पंचमाची तार 104 वर. आपल्या देशातील विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते, आणि यंत्राच्या आत तिचे एकदिश विजेत रूपांतर होताना जो अवशेष उरतो तो दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झचा. म्हणजे सदोष यंत्राची घरघर 100 वर आणि तंबोऱ्याचा पंचम 104 वर! इतक्या जवळचे दोन स्वर एकत्र आले की कानात सेकंदाला चार हेलकावे पडतात, व ज्या पंचमाच्या स्थैर्यावर सारी मैफल उभी राहावयाची तोच थरथरू लागतो. श्रोत्याला वाटते, तंबोरा उतरला. तंबोरा उतरलेला नसतो. वीज त्यात येऊन बसलेली असते. कमी रोधाच्या, अतिसंवेदनशील हेडफोनवर हा दोष अधिक उघडा पडतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी यंत्राला असाच एखादा हेडफोन जोडावा, कोणतेही गाणे न लावता आवाजाची कळ अर्ध्यापर्यंत फिरवावी, आणि डोळे मिटून काय ऐकू येते ते पाहावे. काहीच ऐकू आले नाही तर यंत्र उत्तीर्ण.

दुकानात उत्तीर्ण झालेले यंत्र पासलीत आणल्यावर घरघरू लागले, तर मात्र शोध घराच्या विजेत घ्यावयाचा असतो. डोंगरी भागात विजेची लाइन लांबून येते, आणि तिच्या शेवटच्या टोकाला दाब अनेकदा 230 व्होल्टच्या पुष्कळ खाली उतरतो. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये लोखंडी गाभ्याचा जुन्या धाटणीचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्या आत दाब स्थिर राखणारा एक छोटा भाग असतो. 15 व्होल्ट स्थिर देण्यासाठी त्याला अडीच-तीन व्होल्ट वरचढ पुरवठा लागतो. घरचा दाब 170 च्या खाली-वर गेला की हे वरचढ उरत नाही, आणि अवशेषाची लाट थेट संगीतात शिरते. दुपारी गप्प असलेले यंत्र संध्याकाळी, गावभर दिवे आणि पाण्याचे पंप चालू झाल्यावर, गुणगुणू लागले तर कारण बहुधा हेच समजावे. 100 ते 240 व्होल्टच्या दरम्यान कोठेही चालणारा ॲडॉप्टर ज्या यंत्रासोबत येतो ते येथे सोयीचे. नाहीतर ॲम्प्लिफायरपुरता एक लहान स्टॅबिलायझर बसवावा. इन्व्हर्टरवर चालवावयाचे असेल तर तो साइन वेव्हचाच पाहून घ्यावा, कारण स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर स्वतःच भणभणतो.

घरघरीचे दुसरे उगमस्थान म्हणजे अर्थिंग. लॅपटॉप त्याच्या चार्जरने एका भिंतीला जोडलेला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीच्या प्लगाला, आणि दोघांमध्ये ध्वनीची तार. अशी रचना झाली की जमिनीच्या दोन वाटांचे मिळून एक वेटोळे तयार होते आणि त्यातून 50 हर्ट्झचा बारीक प्रवाह फिरत राहतो. पारख सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. घरघर थांबली तर दोष वेटोळ्याचा. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतली की बहुतेक वेळा काम भागते, आणि न भागल्यास प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल केबल वापरावी, तिच्यातून वीज जातच नाही. परंतु काही ठिकाणी एक अत्यंत घातक तोडगा सांगितला जातो, तो म्हणजे थ्री-पिन प्लगाची जाड पिन तोडून टाकणे. घरघर जाते, हे खरे. पण त्या पिनेच्या भरवशावर घरातील माणसाचा जीव असतो, आणि धातूच्या पेटीत वीज उतरली तर ती हेडफोनच्या तारेने थेट डोक्यापर्यंत येऊ शकते. असे कोणीही, कधीही करू नये. त्याऐवजी अंगणातील अर्थिंगच्या खड्ड्याची दखल घ्यावी. कोळसा आणि मीठ घालून केलेला हा खड्डा पावसाळ्यात उत्तम काम देतो, आणि चैत्र-वैशाखात जमीन कोरडी ठणठणीत झाली की निकामी होऊ लागतो. उन्हाळ्यात अधूनमधून त्यात घागरभर पाणी ओतण्याचा जुना शिरस्ता शास्त्रशुद्ध आहे.

आता मांडणी. पेटी भिंतीपासून चार बोटे पुढे, वर-खाली हवा खेळेल अशी ठेवावी. रेडिओवर क्रोशाचा रुमाल घालण्याची आपल्या घरांतील रीत येथे चालणार नाही. ध्वनीची तार विजेच्या तारेला समांतर न नेता, गरज पडल्यास काटकोनात ओलांडून न्यावी. मोबाइल पेटीवर ठेवू नये. मोबाइल किंवा लॅपटॉप यांतील अंकांचे ध्वनिलहरीत रूपांतर करणारा डॅक नावाचा भाग पुष्कळ टेबली यंत्रांत अंतर्भूतच असतो. तो वेगळा असेल तर साधारण 2 व्होल्ट देतो. यंत्राला जोडणी झाली की आवाजाची कळ शून्यावर आणावी, आधी स्रोत चालू करावा, मग ॲम्प्लिफायर, आणि सर्वांत शेवटी हेडफोनची पिन घालावी. बंद करताना याच्या नेमका उलट क्रम. पिन आत जाताना क्षणभर तिची दोन टोके एकमेकांना टेकतात, आणि यंत्र चालू होताना काही वेळा जो धक्का बसतो तो पातळ पडद्याला सोसवत नाही, म्हणून हा क्रम पाळावयाचा. यंत्र घरी जुळवलेले किंवा जुन्या बाजारातले असेल तर महागड्या हेडफोनपूर्वी मल्टिमीटरने निर्गमावरचा एकदिश दाब मोजावा. तो 20 मिलीव्होल्टच्या आत असल्याची खातरजमा करावी, आणि नंतर पहिल्या रात्री एखादा स्वस्त इअरफोन लावून पाहावा.

पुष्कळ ॲम्प्लिफायरांना कमी वर्धन व जास्त वर्धन असे दोन टप्पे निवडण्याची कळ असते, आणि पुष्कळ जण अधिक ते चांगले या समजुतीने जास्त वर्धन लावतात. तसे केले की आवाजाची कळ थोडी सरकवताच आवाज पुरेसा होतो. आता त्या कळेच्या आत डाव्या व उजव्या कानासाठी कार्बनच्या दोन पट्ट्या असतात, आणि सुरुवातीच्या भागात त्या दोन्ही एकसारख्या कधीच नसतात. गायक मध्ये बसलेला असावा तो एका बाजूस सरकलेला ऐकू येतो. म्हणून ज्या वर्धनात कळ अकरा ते दोनच्या दरम्यान येईल, म्हणजे घड्याळाचा तास-काटा त्या वेळी जेथे असतो तेथे, ते वर्धन मुक्रर करावे. ही छोटी गोष्ट आहे, पण माझ्या अनुभवात नव्या यंत्राविषयीच्या निम्म्याअधिक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

खेड्यातील घरासाठी एका रचनेचा मला विशेष आदर वाटतो. 2011 साली आपले नाव कधीही उघड न केलेल्या एका अभियंत्याने ऑब्जेक्टिव्ह-टू नावाच्या ॲम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा, प्रत्येक भागाच्या निवडीच्या कारणांसकट, लोकांपुढे विनामूल्य ठेवला. त्याने कोणतेही मोलाचे, दुर्मीळ भाग वापरले नाहीत. सामान्य आयसी घेऊन, मोजमाप करून, निर्गम रोध सुमारे अर्ध्या ओहमवर आणून ठेवला. आणि त्या पेटीत 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची सोय केली. वीज गेली तरी मैफल तुटत नाही, आणि भिंतीपासून पूर्ण तोडून बॅटरीवर चालवले की घरघरीचा वीजपुरवठ्याकडून येणारा मार्गच बंद होतो. विजेच्या लहरीपणाने त्रासलेल्या मुलखाला याहून समंजस रचना मला दिसलेली नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत सुटे भाग, पिना, तारा, पेट्या विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. ज्याला डाग देता येतो असा एखादा होतकरू मुलगा घरात असेल तर त्याच्यासाठी हे उत्तम शिक्षण ठरेल. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांना लाभलेले प्रेम मी समजू शकतो, 300 व 600 ओहमच्या हेडफोनांशी त्यांचे चांगले जमतेही. पण दाब वर-खाली होणाऱ्या, कुंद हवेच्या घरात मी ते सुचवणार नाही.

कुंद हवा हा या मुलखातला खरा प्रतिस्पर्धी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला हात लावावा तर ओल येते, आणि कानाला टेकणाऱ्या मखमली गाद्यांवर पांढरी बुरशी चढते. हेडफोन वापरून झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा आणि त्या पुड्या वरचेवर चुलीच्या उबेत वाळवाव्या. पिनेवर काजळी धरली की एका कानातला आवाज जातो-येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवला की तो परततो. ॲम्प्लिफायरला मात्र पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवणे हाच सर्वोत्तम उपाय, त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडे ठेवते. वळवाचा पाऊस गडगडू लागला की केवळ बटण बंद करून भागत नाही; प्लग भिंतीतून काढून ठेवावा. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना एचडी 600 सारखे उघड्या पाठीचे हेडफोन जवळजवळ निरुपयोगी ठरतात, कारण त्यांतून बाहेरचे सर्व ऐकू येते. त्या दिवसांसाठी बंद पाठीचा एखादा साधा हेडफोन जवळ असावा, कारण पावसावर मात करण्यासाठी आवाज चढवीत नेणे हे कानांचे सरळसरळ नुकसान आहे.

एवढे सगळे करून ऐकावयाचे काय, याचाही विचार हवा. माइक वापरून विद्युत पद्धतीने ध्वनिमुद्रण करण्याची रीत 1925 साली व्यापारात आली. त्यापूर्वीच्या तबकड्या कर्ण्यात गाऊन केलेल्या असल्यामुळे त्यांत वरचे व खालचे बरेचसे स्वर उतरलेलेच नाहीत, आणि कोणताही ॲम्प्लिफायर ते परत आणू शकणार नाही. 1930 च्या दशकातील अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत मात्र पुष्कळ काही आहे. तीन मिनिटांच्या मर्यादेत त्यांनी केलेली स्वरांची जुळणी चांगल्या हेडफोनवर ऐकताना तबकडीची खसखस आणि गायकाचा श्वास वेगवेगळे ऐकू येतात, आणि एकदा ते वेगळे झाले की मन खसखशीकडे दुर्लक्ष करण्यास आपोआप शिकते. केसरबाई केरकरांची जी भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली गेली, तीही साडेतीन मिनिटांची. त्या छोट्याशा अवधीत केसरबाई एका स्वरावरून दुसऱ्यावर कशा जातात, आकार कोठेही न तुटता दम कोठे घेतला जातो, हे लाउडस्पीकरवर ऐकून मला कधी उमगले नव्हते. जुन्या मुद्रणांवर घासाघीस करून सारा खडखडाट काढून टाकलेल्या प्रती टाळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. खडखडाटासोबत तंबोराही पुसला जातो.

शेवटी कानांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. आणि पातळी 3 डेसिबलने वाढली की मुदत निम्मी होते, म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10, आणि 89 ला अवघे 5. शांत, खोटेपणा नसलेले यंत्र आवाज मोठा झाला तरी कर्कश वाटत नाही, आणि म्हणूनच ते नकळत जास्त चढवले जाते. यावर एक पक्का उपाय आहे. 50 हर्ट्झचा पूर्ण पातळीचा शुद्ध स्वर मोबाइलवर लावावा, हेडफोन कानावर न घेता ॲम्प्लिफायरला जोडून ठेवावा, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून निर्गमावरचा दाब मोजावा. एचडी 600 साठी तो अर्धा व्होल्ट भरेल तेथे कळ आणली की सर्वांत मोठा ध्वनी 91 डेसिबलला थांबतो, आणि संगीताची सरासरी त्याच्या 15 ते 20 डेसिबल खाली राहते. कळेच्या त्या जागी पेन्सिलीने खूण करावी. क्षीण मुद्रणाच्या जुन्या मैफलीसाठी खुणेच्या पुढे जावे लागले तर जावे, पण मैफल संपताच, पुढचे गाणे सुरू होण्यापूर्वी, कळ खुणेवर परत आणावी. पुढचे मुद्रण नवे असेल तर पहिलाच ठोका दहा-बारा डेसिबलने वरचढ येऊन कानावर आदळतो. घरातील मुलांनाही हेडफोन देताना हीच खूण दाखवून द्यावी.